खाणीवरचे कावळे

फोन आला तेव्हा कृष्णात म्हशीखाली बसला होता. चरवी अर्धी भरली होती. खिशातला फोन वाजायला लागला तशी म्हैस बिचकली, म्हणून त्याने आधी चरवी बाजूला सरकवली, हात लेंग्याला पुसले आणि मग फोन कानाला लावला. पलीकडे क्रांती होती, त्याची एकुलती लेक. आठवडाभर ती कोल्हापुरात दवाखान्यात आईच्या उशाशी बसून होती.

"आबा, आई गेली."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आबा, ऐकताय न्हवं? आणि तुम्ही नळाचं पाणी पिऊ नका. डॉक्टर म्हणालं, असली कावीळ पाण्यातनंच येती."

कृष्णातने बरं म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि परत म्हशीखाली बसला. अर्धी पिळलेली म्हैस तशीच सोडली तर कास दुखावते. बायको गेल्याचं कळल्यावर ह्या माणसानं धार काढली, अशी चर्चा पुढे शेजारपाजारी झाली. काढली हे खरं. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलंच नाही.

जांभुळखडी हे त्याचं गाव पन्हाळ्याच्या पाठीमागे डोंगराच्या कुशीत आहे. वर जांभ्या दगडाचा सपाट सडा, खाली गाव आणि मधल्या उतारावर झरा. झऱ्याचं पाणी टाकीत साठतं आणि नळाने घरोघर येतं. गाव पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी पीत आलं. काही वर्षांपूर्वी सड्यावर रिसॉर्ट झालं. हिरवळ, पोहायचा तलाव, लाकडी खोल्या, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग. फाटकाशी मोठा फलक लावलेला: 'आमचा कचरा आम्ही खत करून जिरवतो. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडत नाही.'

बायकोला, बाळाबाईला, अग्नी देऊन घरी येताना कृष्णातने मान वर करून त्या सड्याकडे पाहिलं. वर रिसॉर्ट, खाली झरा. पाणी खालीच येणार. एवढं कळायला शाळा लागत नाही. त्याच्या मनात गाठ बसली ती तिथेच.

पण हे बोलायचं कुणाशी? गावातल्या घराघरातलं कुणी ना कुणी वर कामाला. कुणी भाकऱ्या थापतंय, कुणी बागेत, कुणी पहाऱ्यावर. खुद्द बाळाबाई रोज सकाळी वर दूध पोचवायची. तिथल्या मॅनेजरशी तिची चांगली ओळख होती आणि त्याच ओळखीवर तिने आपल्या भावाच्या मुलाला, सम्राटला, तिथलं काम मिळवून दिलं होतं. स्वयंपाकघरातलं खरकटं आणि मैल्याच्या टाक्यांतला गाळ ट्रॅक्टरने न्यायचा आणि आपल्या शेतात खड्डे काढून खत करायचं. सम्राटची आई लवकर वारली. बाळाबाईनेच त्याला वाढवला. आत्ती म्हटल्याशिवाय त्याचा घास उतरायचा नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. रक्षा नदीत सोडायची पद्धत गावाने केव्हाच बंद केली आहे. शेताच्या बांधाला खड्डा काढून त्यात घालतात आणि वर रोप लावतात. ते झालं. मग केळीच्या पानावर नैवेद्य मांडला. भाकरी, झुणका, दहीभात आणि कपभर चहा. बाळाबाईला साखरेचा आजार होता, दहा वर्षं ती बिनसाखरेचा चहा प्यायली. मांडणाऱ्या बाईला कुणीतरी म्हणालं, "आता तरी घाल की गं साखर." तिने दोन चमचे घातले. मंडळी लांब सरकून उभी राहिली आणि कावळ्याची वाट बघू लागली.

कावळा येईना.

"क्रांतीचं लगीन झोकात करतो म्हणा," एक म्हातारी म्हणाली.

"मी हितंच उभी हाय, आज्जी," क्रांती म्हणाली. "मला आधी इचारा की."

"म्हस इकणार न्हाय म्हणा. लई जीव हुता तिचा म्हशीवर."

कृष्णातने म्हैस विकणार नाही म्हणून सांगितलं. लग्नाचंही सांगितलं. आभाळ रिकामंच. ऊन चढलं. लांबून आलेल्या पावण्यांची चुळबुळ सुरू झाली. एवढ्यात सम्राट ट्रॅक्टरमधून पाण्याचे मोठे जार घेऊन आला. विकतचं, गार पाणी. त्याने स्वतः पेले भरून सगळ्यांना दिले. "आत्तीच्या कामात कुणी तानेलं ऱ्हायला नको," तो म्हणाला. डोळे लाल होते त्याचे. मंडळींनी पोराचं कौतुक केलं.

ते ऐकून बाळाबाईचा भाऊ, सम्राटचा बाप गणपतराव पुढे आला. "दाजी, माझ्या बहिणीचा जीव सम्राटमधीच अडाकला आसंल. तुम्ही एकदा बोला."

कृष्णातने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाळे, सम्राटच्या पाठीशी मी हाय. त्याला कवाच उघड्यावर पाडणार न्हाय."

तरी कावळा नाही.

"आवं, कावळं हाईतच कुठं गावात?" मागून चमन म्हणाला. चमनचं रस्त्याकडेला कोंबडीचं दुकान. कृष्णात आणि तो शाळेत एका फळीवर बसले होते. "माझ्या दुकानामागं कावळ्यांची जत्रा भरायची. एवढा पावसाळा गेला, एक फिरकंना. कुठंतरी झक्कास जेवणावळ घावलीया त्यास्नी. तुमचा दहीभात कोण खातंय आता."

चारदोन जण हसले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पानाला शिवला आणि लोक पांगले. बाळाबाईची कसली इच्छा राहिली असेल यावर बायका जाताना कुजबुजत होत्या. कृष्णातच्या डोक्यात मात्र चमनचं बोलणं बसलं होतं. कावळे मेले नाहीत, ते जेवायला गेलेत. कुठे?

आता दूध वर न्यायचं काम त्याच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी मॅनेजर राजवर्धन बाहेर येऊन भेटला. कोल्हापूरचा शिकलेला मुलगा, बोलायला मऊ.

"काका, फार वाईट झालं. मावशी म्हणजे आमच्या घरच्यासारख्या होत्या."

"तुमचं सांडपाणी कुठं जातंय?" कृष्णातने विचारलं.

राजवर्धन म्हणाला, "या, दाखवतो." त्याने सगळं फिरवून दाखवलं. एकामागे एक टाक्या, त्यापुढे कर्दळीचा लांबलचक वाफा, शेवटच्या हौदात नितळ पाणी. तेच पाणी हिरवळीला. कुठेही वास नाही. वास नाही हेच कृष्णातला खटकलं. एवढी माणसं रोज खातात, हागतात आणि वास येत नाही म्हणजे काहीतरी लपवलेलं आहे.

मग दूध घालून झालं की तो कंपाउंडच्या भिंतीला धरून फिरायला लागला. झुडपं बाजूला करून बघायचा, ओल दिसली की माती हुंगायचा. कुठेतरी चोरून सोडलेला पाइप सापडणार याची त्याला खात्री होती. पहारेकऱ्याने एकदा हटकलं.

"काय हरावलंय?"

"म्हशीची साखळी."

"म्हस खाली गावात आणि साखळी हितं?"

"मोकाट हाय म्हस," कृष्णात म्हणाला आणि पुढे गेला.

पाइप सापडला नाही. भिंत सगळीकडून कोरडी होती. मग त्याने राजवर्धनला सरळ गाठलं. "टाकीत खाली बसतोय तो गाळ? आणि खरकटं?"

"ते तुमचाच सम्राट नेतो की, काका. शेतात खत करतो. मावशींनीच तर त्याचं नाव सुचवलं होतं." राजवर्धन हे हसत म्हणाला, पण बोलताना त्याची नजर कृष्णातच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

कृष्णात तिथून निघाला तो थेट गणपतरावाच्या शेतावर. आपल्या माणसावर संशय घ्यायचा नाही, नुसतं बघून यायचं, असं तो स्वतःला बजावत होता. खताचे खड्डे बांधाच्या कडेला होते. एकात पावसाचं पाणी साठून शेवाळ धरलं होतं. दुसऱ्यात एरंड माणसाच्या उंचीचा झाला होता. एरंड एवढा वाढलाय म्हणजे त्या खड्ड्यात निदान पावसाळ्यापासून कुणी काही टाकलेलं नव्हतं.

त्याच वेळी त्याला ते पाण्याचे जार आठवले. गणपतरावाच्या ओट्यावरही तसाच एक जार तो अलीकडे बघत होता. गावात फुकट झऱ्याचं पाणी असताना ह्यांनी विकतचं कशाला घ्यावं?

त्याने चमनला गाठून सगळं सांगितलं. चमनने कोंबड्यांच्या खुराड्याची कडी लावली आणि हात धुतले. "चल," तो म्हणाला. "कावळं कुठं जेवत्यात ते बघू."

दोघे सड्यावर चढले. फार शोधावं लागलं नाही. रिसॉर्टच्या मागच्या अंगाला, झाडीपलीकडे, जांभा काढायची जुनी खाण होती. दगड संपल्यावर ती पडून राहिली. तिच्यावर कावळे घिरट्या घालत होते. जवळ गेल्यावर वासाने दोघांनी नाकाला टॉवेल लावले. खाली हाडं, पिसं, भाताचे लगदे, फुटकी अंडी आणि ह्या सगळ्यावर काळा, चिकट गाळ. कडेने पिवळट पाणी साचलं होतं. अख्ख्या गावाचे कावळे तिथे होते आणि माणसं आली म्हणून एकही उठला नाही. खाणीच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली उतारावर झऱ्याची टाकी दिसत होती.

ते बघत उभे असतानाच ट्रॅक्टर आला. मागे निळी टाकी. सम्राटने दोघांना पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"मामा, तुम्ही हितं?"

"कावळं बघायला आलतो."

सम्राट खाली उतरला. पळून जावं की जवळ यावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"खत कुठाय, सम्राट?"

"करत हुतो की मामा. पैल्यांदा चांगलं करत हुतो. पावसाळ्यात शेतात ट्रॅक्टर रुतायला लागला. म्हटलं, तात्पुरतं हितं वतावं. मग आजूबाजूचं म्हणायला लागलं, तिकडं वास येतोय, तिकडं करू नको. मग हितंच ऱ्हायलं."

"खाली झरा हाय."

"खाली पक्का दगड हाय, मामा."

"जांभा हाय त्यो, लेका," चमन म्हणाला. "पायपुसण्यासारकं पाणी पितोय. ह्या गावात जल्मला न्हवं तू?"

कृष्णातने त्याला हाताने थांबवलं. "तुझ्या घरात जारचं पाणी कवापासनं?"

सम्राट ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघायला लागला. "गणपतीपासनं."

"का?"

"बाबाचं पोट दुखत हुतं."

"आणि आत्तीला?"

"तिला सांगितलंतं मी. उकळून पी म्हटलं. ती म्हणाली, झऱ्याचं पाणी काय उकळायचं, खुळा झालास काय."

"का उकळायचं, ते सांगितलंतास?"

सम्राट चाकाला चिकटलेला चिखल नखाने खरवडायला लागला. मग म्हणाला, "काम गेलं आसतं, मामा. तिनंच मिळवून दिलेलं." आणि तिथेच दगडावर बसला.

कृष्णातला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच हाताने त्याला उठवावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. "गावापुढं तुझ्या तोंडानं सांग," एवढंच म्हणाला. सम्राटने मान हलवली.

घरी जाताना चमन म्हणाला, "सांगंल?"

"सांगंल. बाळीनं वाढावलाय त्याला."

"आणि न्हाय सांगितलं तर?"

रक्षेपुढे दिलेला शब्द कृष्णातला आठवत होता. कवाच उघड्यावर पाडणार न्हाय.

खाली आल्यावर त्याने झऱ्याच्या टाकीची चावी फिरवून पाणी बंद केलं आणि ग्रामपंचायतीत जाऊन पाणी खराब असल्याचं सांगितलं. खराब कशाने झालं, ते सांगितलं नाही. ते सम्राट सांगणार होता.

सम्राटने सांगितलं नाही. एक दिवस गेला, मग दुसरा. बंद नळापाशी बायका भांडायला लागल्या, पोरं लांबून हंडे आणायला लागली आणि ज्याला त्याला कुणाचा ना कुणाचा संशय यायला लागला. कुणी रिसॉर्टचं नाव घेतलं, कुणी कृष्णातचं डोकं फिरल्याचं सांगितलं. मग दोघेचौघे सड्यावर फिरून खाण बघून आले आणि ग्रामसभा बोलावली गेली.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. राजवर्धन पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. गणपतराव आणि सम्राट मागच्या रांगेत. सरपंचांनी विषय काढला तसा खाण बघून आलेल्यांतला एक जण उठला.

"खाणीत कोंबड्यांची पिसं हाईत. हाडं हाईत. आता गावात कोंबडी कोण कापतंय, ते काय मी सांगायला पायजे?"

सगळ्या माना चमनकडे वळल्या.

"माझ्याकडचं मी पुरतोय," चमन म्हणाला. "चला, खड्डा दावतो."

"दावशील की. खड्डा काय, आज बी काढता येतोय."

"ह्यांचं नेहमीचंच हाय," आणखी कुणीतरी मागून म्हणालं. 'ह्यांचं' म्हणजे कुणाचं, हे सगळ्यांना कळलं. चमनलाही कळलं. त्याच्या बायकोचे, नजीराचे, भाऊ हुपरीहून आले होते, ते उठून उभे राहिले. चमनने त्यांना खाली बसवलं. त्याने सम्राटचं नाव घेतलं नाही. कृष्णातकडे बघितलंसुद्धा नाही. शब्द दिला होता कृष्णातने आणि तो पाळत होता चमन.

कृष्णातने सम्राटकडे पाहिलं. सम्राटची मान खाली. त्याने वाट बघितली, माणसं चमनच्या अंगावर जायच्या बेतात येईपर्यंत बघितली. मग उठला.

"चमनचा काय संबंध न्हाय. खाणीत सम्राट वततोय. माझ्या बायकोचा भाचा. रिसॉर्टचं खरकटं, रिसॉर्टच्या संडासाचा गाळ, सम्राटचा ट्रॅक्टर. मी डोळ्यानं बघितलंय. चमन माझ्यासंगं हुता. माझ्यापायी गप्प बसला त्यो."

राजवर्धन खुर्चीतून अर्धा उठला. "हे बघा, गेटबाहेर गेल्यावर ती ठेकेदाराची जबाबदारी असते. आम्ही आमच्या बाजूने सगळे नियम—"

"तुमच्या पाटीवर थेंब लिवलाय," कृष्णात म्हणाला. "गेट न्हाय लिवलं. आणि खड्ड्यात खत हाय का न्हाय, हे बघायला तुमच्यातलं कोण एकदा तरी खाली आलं हुतं?"

राजवर्धन खाली बसला.

गणपतराव मागून पुढे आला. त्याचा आवाज फार हळू होता. "दाजी, रक्षेपुढं काय बोललात?"

"बोललो. आज मोडलं. तिला जाब द्यायचा तर मी दिईन."

"माझं पोरगं मारंकरी हाय म्हणताय?"

"तसं मी म्हटलं न्हाय. कशानं काय झालं, मला ठाव न्हाय, गणपतराव. वतलं कुणी, तेवढं ठाव हाय."

सम्राट तोवर उठून निघून गेला होता. क्रांती त्याच्या मागे फाटकापर्यंत गेली, थांबली आणि परत येऊन बापाशेजारी बसली.

त्यानंतर रिसॉर्टने सम्राटचं काम काढून घेतलं आणि दुसऱ्या गावच्या एकाला दिलं. तो गाळ कुठे नेतो, हे विचारायला कृष्णात दोनदा गेला. फाटकातून आत सोडलं नाही, दूधही बंद केलं. पाटी तशीच आहे. सरकारी माणसं येऊन झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली. गावाला टँकर येतो. कृष्णात सकाळचं दूध आता डेअरीत घालतो आणि चमनच्या दुकानापाशी बसतो. चमन बोलतो, पण पहिल्यासारखी चेष्टा करत नाही. गणपतराव समोरून आला तर रस्ता बदलतो. सम्राट कोल्हापुरात कुठेतरी कामाला लागल्याचं क्रांतीकडून कळलं. ती त्याला फोन करते, हे ती बापापासून लपवत नाही आणि कृष्णात तिला अडवत नाही.

बाटल्यांतल्या पाण्याचा अहवाल अजून आलेला नाही. बाळाबाई त्याच पाण्याने गेली का, हे कुणीही सांगितलेलं नाही. खाण कुणी उपसायची यावर पंचायत आणि रिसॉर्ट यांचं एकमत झालेलं नाही, आणि खाण उपसायची राहिली आहे.